सोनमाशाची सोशिकता

कोलकात्याच्या गॅलिफ स्ट्रीटवरचा रविवारचा बाजार असो, चेन्नईच्या कोळत्तूर भागातील शोभिवंत माशांच्या दुकानांची रांग असो, अथवा एखाद्या लहान गावची जत्रा असो. तेथे एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. पाण्याने फुगलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बोटभर लांबीचा एक तांबूस-सोनेरी मासा भिरभिरत असतो आणि ती पिशवी दोन्ही हातांनी जपून धरून एखादे मूल घराकडे निघालेले असते. घरी काचेची गोल हंडी घासूनपुसून तयार असते. तिच्या तळाशी रंगीत खडे पसरलेले असतात. नळाचे ताजे पाणी भरले जाते, मासा त्यात सोडला जातो आणि घरातील प्रत्येक जण कौतुकाने चिमूट चिमूट खाद्य टाकू लागतो. दोन-तीन आठवडे, फार तर एक-दोन महिने, हा आनंद टिकतो. मग एके दिवशी सकाळी मासा पाण्यावर आडवा तरंगताना आढळतो. मुलाची समजूत घातली जाते, ‘माशाचे आयुष्य तेवढेच असते.’

हे उत्तर मायेपोटी दिलेले असते. परंतु ते खरे नाही. इंग्लंडमधील एका जत्रेत १९५६ साली एका मुलाला बक्षीस म्हणून मिळालेला असाच एक सोनमासा यॉर्कशायर परगण्यातील एका घरी १९९९ सालापर्यंत जगला. मृत्युसमयी त्याचे वय ४३ वर्षांचे होते आणि पाळीव सोनमाशाच्या दीर्घायुष्याचा विक्रम म्हणून त्याची नोंद झाली. एवढे आयुष्य अर्थातच विरळा. तथापि योग्य निगा राखल्यास सोनमासा दहा-पंधरा वर्षे सहज जगू शकतो. मग बहुसंख्य सोनमासे काही आठवड्यांतच का मरतात? त्यांच्याविषयीच्या रूढ समजुती तपासून पाहिल्या म्हणजे या प्रश्नाचे उत्तर मिळते. त्या सर्व समजुतींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. सोनमासा अत्यंत सोशिक आहे. आणि जो प्राणी निमूटपणे सोसतो, त्याला काही त्रासच होत नाही, असे माणसे समजून चालतात.

तळ्यातील कुळकथा

सोनमासा हा मुळात सोनेरी नव्हता. त्याचे पूर्वज म्हणजे पूर्व आशियातील संथ नद्या, तळी व दलदली यांत राहणारे करड्या-हिरवट रंगाचे मासे होत. भारतातील रोहू व कटला ज्या विस्तृत कुलात मोडतात, त्याच कुलातील हे मासे. त्यांच्या पिलांत क्वचित एखादे तांबडे अथवा पिवळे निपजे. चीनमध्ये सुंग राजवटीच्या काळात, म्हणजे इसवी सन ९६० ते १२७९ या दरम्यान, अशी रंगीत पिले निवडून तळ्यांतून जोपासण्याची प्रथा रुजली. पुढे मिंग राजवटीत (१३६८ ते १६४४) त्यांना घरांत व अंगणांत मोठ्या कुंड्यांमधून ठेवण्यास प्रारंभ झाला. या कुंड्या पारदर्शक नसल्यामुळे मासा वरून पाहिला जाई. पाठीचा डौल, दुहेरी शेपटीचा पसारा, डोळ्यांची ठेवण अशा वरून दिसणाऱ्या लक्षणांची निवड पिढ्यान्‌पिढ्या होत गेली. सतराव्या शतकात हा मासा युरोपात पोहोचला आणि १७५८ साली कार्ल लिनिअसने त्याला शास्त्रीय नाव दिले. आज बाजारात दिसणारे ऑरान्डा, रांचू, ब्लॅक मूर हे नानाविध प्रकार म्हणजे एकाच जातीची माणसाने घडविलेली रूपे होत.

रूप पालटले, तरी शरीराच्या मूलभूत गरजा पालटल्या नाहीत. आजही सोनमाशाची पिले करड्या रंगाचीच जन्मतात व काही महिन्यांनी त्यांच्यावर सोनेरी झाक चढते. त्यांची भूक, त्यांचा श्वासोच्छ्वास आणि त्यांची वाढ ही तळ्यातील माशाचीच आहे. म्हणून सोनमासा पाळणे याचा अर्थ तळ्याचा एक लहानसा तुकडा घरात निर्माण करणे असा होतो. तो तुकडा केवढा असावा व कसा असावा, येथूनच गैरसमजांना सुरुवात होते.

गोल हंडीचे गणित

पहिला समज असा की, सोनमाशाला काचेची गोल हंडी पुरते. या समजाची परीक्षा साध्या भूमितीने करता येते. मासा पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो, आणि हा प्राणवायू मुख्यतः पाण्याच्या वरच्या पृष्ठभागातून आत शिरतो. कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडण्याचा मार्गही तोच. म्हणजे पाणी किती आहे एवढेच पाहून भागत नाही. ते हवेला किती विस्ताराने भिडते, हेही पाहावे लागते.

तीस सेंटिमीटर व्यासाची एक गोल हंडी घेतली आणि ती अर्धी भरली, तर पाण्याचा पृष्ठभाग सुमारे ७०० चौरस सेंटिमीटर असतो. तीच हंडी मध्यापासून आणखी १० सेंटिमीटर वर भरली, तर पाणी सुमारे १३ लिटर होते. परंतु हंडी वर निमुळती होत गेल्यामुळे पृष्ठभाग जेमतेम ४०० चौरस सेंटिमीटर उरतो. अधिक पाणी घालावे तर हवेचे दार अरुंद होते. दार रुंद ठेवावे तर पाणी अपुरे पडते. याउलट ९० सेंटिमीटर लांब व ३५ सेंटिमीटर रुंद अशा चौकोनी टाकीत ३५ सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी भरले, तर ते सुमारे ११० लिटर होते आणि त्याचा पृष्ठभाग ३,१५० चौरस सेंटिमीटर, म्हणजे भरलेल्या हंडीच्या आठपट असतो. आखूड शरीराच्या दोन सोनमाशांना अशी टाकी बरी. लांबट शरीराचा, एकेरी शेपटीचा साधा सोनमासा चपळ पोहणारा असतो. त्याला याहूनही मोठी जागा, शक्यतो अंगणातील हौद, लागतो. हंडीमध्ये तो सरळ रेषेत पोहू शकत नाही. पर हलवताच समोर काच येते.

सोनमासा कोठेही, कोणत्याही हवेत ठेवावा, हा समज याच विषयाशी निगडित आहे. पाणी जसजसे तापते, तसतसा त्यात प्राणवायू कमी विरघळतो. वीस अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमच मावतो. त्याच वेळी उष्णतेमुळे माशाच्या शरीरातील व्यापार वेगाने चालू लागतात. दहा अंश वाढीमागे त्याची प्राणवायूची गरज जवळजवळ दुप्पट होते. पुरवठा घटतो आणि मागणी वाढते. सोनमासा हा मूळचा थंड पाण्यातील मासा आहे. अठरा ते तेवीस अंशांच्या आसपासचे तापमान त्याला मानवते. भारतातील बहुतेक प्रदेशांत वैशाखाच्या उन्हाळ्यात खिडकीच्या उन्हात ठेवलेली लहान हंडी दुपारपर्यंत कोमट होते. मग मासा वर येऊन पृष्ठभागाशी तोंड उघडू-मिटू लागतो. घरातील मंडळींना वाटते की मासा बोलतो आहे, खाऊ मागतो आहे. सोनमासा खाद्यासाठीही वर येतो, हे खरे. पण खाद्य मिळूनही तो तेथून हलत नसेल आणि त्याचे कल्ले झपाट्याने हलत असतील, तर तो गुदमरत आहे असे समजावे. टाकीत हवेचे बुडबुडे सोडणारे यंत्र असल्यास पाण्याचा पृष्ठभाग सतत ढवळला जाऊन प्राणवायू अधिक मिळतो; मात्र वीज गेली की लहान भांड्यातील माशाचा धोका पुन्हा वाढतो. मोठी टाकी सावकाश तापते व सावकाश बिघडते. तिचा खरा लाभ हाच.

सोसण्याचे रहस्य

इतके असूनही हंडीतील मासा लगेच मरत नाही. ‘आमचा मासा तर हंडीतच वर्षभर जगला,’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि ते खोटे बोलत नसतात. या सोशिकतेमागे निसर्गातील एक नवल दडलेले आहे.

सोनमाशाच्या पूर्वजांच्या वाट्याला थंडीत गोठणारी तळी येत. वर बर्फाचा थर जमला की हवेचे दार बंद होई आणि पाण्यातील प्राणवायू संपत जाई. प्राणवायू मिळेनासा झाला की बहुतेक पृष्ठवंशी प्राण्यांच्या शरीरात लॅक्टिक आम्ल साचते आणि प्राणी थोड्याच वेळात मरतो. सोनमासा मात्र या आम्लापासून मद्यार्क तयार करतो आणि तो कल्ल्यांवाटे पाण्यात सोडून देतो. सोनमाशातील ही क्रिया १९८० साली एरिक शूब्रिज व पीटर होचाच्का या शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केली. या युक्तीमुळे थंड पाण्यात तो प्राणवायूवाचून कित्येक दिवस तग धरू शकतो. पाणी उष्ण असेल तर ही मुदत फार आखूड होते.

ही सिद्धी संकटकाळासाठी आहे. रोजच्या जगण्यासाठी नाही. दुष्काळात माणूस कंदमुळांवर दिवस काढतो, म्हणून कंदमुळे हा त्याचा योग्य आहार ठरत नाही. सोनमासा हंडीत तग धरतो, यावरून हंडी त्याला मानवते असे अनुमान काढणे याच जातीचे आहे.

नितळ पाण्यातील विष

दुसरा मोठा समज असा की, पाणी नितळ दिसले म्हणजे ते चांगले. वास्तविक सोनमाशाचा सर्वांत मोठा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. अन्नातील प्रथिने पचल्यावर उरणारा नत्र हा मासा मुख्यत्वे अमोनियाच्या रूपाने, आणि बहुतांशी कल्ल्यांवाटे, पाण्यात सोडतो. उरलेले खाद्य व विष्ठा कुजून त्यात भर पडते. अमोनिया रंगहीन असतो. पाणी स्फटिकासारखे स्वच्छ दिसत असतानाही तो माशाचे कल्ले जाळू शकतो. पाणी जितके अल्कधर्मी व उष्ण, तितका त्याचा विषारीपणा अधिक.

मग तळ्यातील मासे का मरत नाहीत? तळ्यात पाणी विपुल असते, वनस्पती अमोनिया शोषून घेतात आणि शिवाय तेथे सूक्ष्मजीवांचे एक अखंड काम चालू असते. सूक्ष्मजीवांचा एक गट अमोनियाचे नायट्राइट बनवतो. दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट बनवतो. नायट्राइटही विषारी आहे; ते रक्तातील हिमोग्लोबिनला निकामी करते व रक्त तपकिरी पडते. नायट्रेट मात्र बेताच्या प्रमाणात माशाला सोसते आणि वनस्पतींचे ते खतच असते. मातीतील हे कार्य जिवंत सूक्ष्मजीव करतात, हे सेर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास दाखवून दिले. भारतीयांना या क्रियेचे फळ त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. बिहारमधील गावांच्या आसपासची, जनावरांच्या मलमूत्राने भिजलेली माती धुऊन जो सोरा काढला जाई आणि युरोपीय कंपन्या बंदुकीच्या दारूसाठी जो जहाजे भरभरून नेत, तो याच सूक्ष्मजीवांच्या श्रमांतून निपजलेला असे.

हेच सूक्ष्मजीव काचेच्या टाकीतही वस्ती करतात. तळाची वाळू, काचेचा पृष्ठभाग आणि विशेषतः पाणी गाळणाऱ्या यंत्रातील स्पंज ही त्यांची घरे होत. परंतु ही वस्ती एका दिवसात उभी राहत नाही. तिला साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. नव्या, लखलखीत टाकीत सूक्ष्मजीव जवळजवळ नसतातच. त्यात पहिल्याच दिवशी मासा सोडला की त्याने बाहेर टाकलेला अमोनिया साचत जातो. लहान हंडीत तो झपाट्याने साचतो. बाजारातून आणलेला मासा दोन-तीन आठवड्यांत मरतो, त्याचे कारण बहुधा येथे सापडते. ते त्याच्या आयुष्याचे मान नव्हे. तो त्याला घातलेल्या पाण्याचा परिणाम होय.

स्वच्छतेचा अतिरेक

मासा मलूल दिसू लागला की घरोघरी एकच उपाय केला जातो. सगळे पाणी फेकून दिले जाते, हंडी साबणाने घासली जाते, खडे उकळत्या पाण्यातून काढले जातात आणि नळाचे नवे पाणी भरले जाते. हेतू चांगला असतो, परिणाम घातक. मोठ्या कष्टाने जमू लागलेली सूक्ष्मजीवांची वस्ती या धुलाईत नष्ट होते आणि सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. साबणाचा अंश माशाच्या कल्ल्यांना इजा करतो. पाण्याचे तापमान एकाएकी बदलते. शिवाय नळाच्या पाण्यात जंतुनाशनासाठी मिसळलेला क्लोरीन माणसाच्या आरोग्याचे रक्षण करीत असला, तरी माशाच्या नाजूक कल्ल्यांना व उपयुक्त सूक्ष्मजीवांना तो मारक ठरतो.

योग्य रीत याहून सोपी आहे. दर आठवड्यास टाकीतील सुमारे एक चतुर्थांश पाणी काढावे आणि तेवढेच, त्याच तापमानाचे नवे पाणी घालावे. हे पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात एक दिवस उघडे ठेवल्यास त्यातील मोकळा क्लोरीन उडून जातो. काही शहरांत क्लोरीनऐवजी क्लोरामिन वापरतात. ते असे उडून जात नाही. तेथे माशांच्या दुकानात मिळणारे, या कामासाठी बनविलेले औषध पाण्यात मिसळावे लागते. गाळणीतील स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलक्या हाताने खळबळून घ्यावा. नळाखाली धुऊ नये. साबण टाकीजवळही आणू नये.

या ठिकाणी आणखी एका समजुतीचा उल्लेख केला पाहिजे. घरातील मासा मरण पावला की त्याने घरावर येणारे संकट स्वतःवर घेतले, असे अनेक कुटुंबांत मानले जाते. दुःखी मनाला यातून दिलासा मिळत असेल. पण त्यामुळे एक अनर्थ होतो. मृत्यूचे कारण शोधण्याची गरजच उरत नाही. त्याच हंडीत, त्याच पाण्यात, त्याच रीतीने दुसरा मासा येतो आणि त्याचीही तीच गत होते. ज्या संकटाने त्याचा बळी घेतला, ते संकट घराबाहेरून येत नव्हते. ते हंडीतच होते.

सदैव भुकेला मासा

सोनमाशाला केव्हाही खाद्य घातले तरी तो धावत येतो; म्हणून तो सदैव भुकेला असतो, अशी समजूत झाली आहे. सोनमाशाला खरे जठर नसते. अन्न घशातील दातांनी दळले जाते व सरळ लांब आतड्यात जाते. एका वेळी पुष्कळ खाऊन ते साठवून ठेवण्याची सोय त्याच्या शरीरात नाही. तळ्यात तो दिवसभर चिखल चाळीत शेवाळ, पाणवनस्पती, कीटकांच्या अळ्या असे काहीबाही टिपत असतो. अन्न दिसताच ते टिपावे, ही त्याची उपजत वृत्ती आहे. ती भुकेची खूण मानता येत नाही.

पाव, बिस्किटे, कुरमुरे, कणकेच्या गोळ्या हे पदार्थ प्रेमाने घातले जातात. ते पाण्यात फुगतात, माशाला नीट पचत नाहीत आणि उरलेले कुजून अमोनिया वाढवतात. दोन मिनिटांत संपेल एवढेच योग्य खाद्य दिवसातून एक-दोन वेळा घालावे. मधूनमधून उकडून साल काढलेला मटाराचा दाणा कुस्करून द्यावा. घरात खाद्य घालणारे एकच माणूस ठरवून ठेवले, तर दहा हातांच्या दहा चिमटींचा प्रश्न सुटतो. चार दिवस गावाला जाताना मूठभर खाद्य टाकून जाण्यापेक्षा निरोगी मोठ्या माशाला उपाशी ठेवणे कितीतरी सुरक्षित.

भांड्याएवढाच मासा?

सोनमासा भांड्याच्या आकाराएवढाच वाढतो, म्हणून लहान भांड्यात लहान मासा सुखाने राहतो, असे दुकानदारही सांगतात. लहान भांड्यात त्याची वाढ खुंटते, एवढाच भाग यात खरा आहे. दूषित पाणी व कोंडलेली जागा यांमुळे खुंटलेली वाढ हे जुळवून घेण्याचे लक्षण नसून कुपोषित बालकाच्या खुंटलेल्या उंचीसारखे आजाराचे लक्षण आहे. मोकळ्या जागी आखूड शरीराचे प्रकार १५ ते २० सेंटिमीटरपर्यंत, तर साधा सोनमासा ३० सेंटिमीटर किंवा त्याहूनही अधिक वाढू शकतो.

याचा पुरावा अशा ठिकाणी मिळाला, जेथे तो कोणालाच नको होता. पश्चिम ऑस्ट्रेलियातील व्हॅस नदीत लोकांनी सोडून दिलेल्या पाळीव सोनमाशांची प्रजा इतकी वाढली की मर्डोक विद्यापीठाच्या संशोधकांना तिचा माग काढावा लागला. तेथील काही मासे एक किलोग्रॅमहून अधिक वजनाचे भरले आणि एका माशाने वर्षभरात २०० किलोमीटरहून जास्त प्रवास केल्याचे आढळले. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या बर्न्सव्हिल शहराच्या प्रशासनाने २०२१ साली एका तलावातून काढलेल्या भल्यामोठ्या सोनमाशांची छायाचित्रे प्रसिद्ध केली आणि नागरिकांना मासे तलावात न सोडण्याची विनंती केली. सोनमासा तळाचा गाळ उपसतो, पाणी गढूळ करतो, स्थानिक माशांची अंडी खातो आणि रोगही पसरवू शकतो. म्हणून नकोसा झालेला मासा गावच्या तळ्यात, देवळाच्या कुंडात वा नदीत सोडून देणे ही भूतदया नव्हे. तो दुसऱ्या पाळणाऱ्यास किंवा दुकानदारास परत द्यावा.

तीन सेकंदांची स्मृती

उरला शेवटचा आणि सर्वांत लोकप्रिय समज. सोनमाशाची स्मृती तीन सेकंदांची असते, तेव्हा हंडीत फेरी मारताना प्रत्येक वेळी त्याला नवी जागा पाहिल्यासारखेच वाटते, असे विनोदाने सांगितले जाते. कोंडलेल्या माशाविषयी मन निर्धास्त करण्यास हा विनोद फार सोयीचा आहे.

परंतु शास्त्रज्ञांनी स्मृतीचा अभ्यास करण्यासाठी ज्या प्राण्यांची निवड केली, त्यांत सोनमासा अग्रभागी होता. मिशिगन विद्यापीठात १९६० च्या दशकात बर्नार्ड ॲग्रॅनॉफ व त्यांचे सहकारी यांनी टाकीच्या मधोमध एक अडसर ठेवला. एका बाजूस दिवा लागला की थोड्या वेळाने तेथे विजेचा सौम्य झटका बसे. अडसर ओलांडून पलीकडे गेल्यास तो टळे. मासे हे शिकले आणि तीन दिवसांनंतरही ते त्यांच्या ध्यानात होते. मात्र शिकवणीनंतर लगेच प्रथिनांची निर्मिती थांबविणारे औषध टोचले, तर ते विसरत. तासाभराने टोचले, तर विसरत नसत. टिकाऊ स्मृती पक्की होण्यास मेंदूत नवी प्रथिने घडावी लागतात, या विचाराला या प्रयोगांनी बळ दिले. माणसाला स्वतःच्या स्मृतीविषयी जे ज्ञान झाले, त्याचा काही भाग त्याने या ‘विसराळू’ माशाकडून शिकून घेतला आहे.

नंतरच्या प्रयोगांनी यात भर घातली. ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ साली दाखविले की, सोनमाशांना ठराविक ७० सेंटिमीटर अंतर पोहून मागे वळण्यास शिकविता येते आणि तळावरच्या पट्ट्यांच्या साहाय्याने ते अंतराचा अंदाज बांधतात. त्याच वर्षी इस्रायलमधील बेन-गुरियन विद्यापीठातील संशोधकांनी चाकांवर बसविलेल्या टाकीत सोनमासे ठेवले. मासा ज्या दिशेने पोहे, त्या दिशेने गाडी सरके. काही दिवसांच्या सरावानंतर हे मासे गाडी जमिनीवरील ठरलेल्या खुणेपर्यंत नेऊ लागले. अंतर मोजणाऱ्या आणि वाट लक्षात ठेवणाऱ्या प्राण्याला तीस सेंटिमीटरच्या हंडीतील फेऱ्या प्रत्येक वेळी नव्या वाटत असतील, असे मानण्यास काहीच आधार नाही.

कायदा आणि वही

भारताच्या १९६० सालच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमात ‘प्राणी’ या शब्दाची व्याख्या मानवेतर कोणताही सजीव प्राणी अशी केली आहे. तीत मासा येतो. प्राणी ज्याच्या ताब्यात असेल त्याने त्याच्या स्वास्थ्यासाठी वाजवी काळजी घ्यावी, असे हा अधिनियम सांगतो. हालचालीस पुरेशी जागा न देणाऱ्या पिंजऱ्यात वा पात्रात प्राण्याला कोंडणे ही त्यानुसार क्रूरता ठरते. इटलीतील मोन्झा शहराने २००४ साली व रोम शहराने २००५ साली गोल हंड्यांत मासे ठेवण्यास मनाई केली. तथापि घराच्या कोनाड्यातील हंडीपर्यंत कायद्याचा हात क्वचितच पोहोचतो. तेथे पाहणाऱ्याची दृष्टीच उपयोगी पडते. आणि दृष्टी घडविण्याचे काम शाळा उत्तम रीतीने करू शकते.

ज्या शाळेत मत्स्यटाकी आहे, तेथे टाकीशेजारी एक वही टांगून ठेवावी. विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने तीत रोज चार गोष्टी लिहाव्यात : पाण्याचे तापमान, एका मिनिटात माशाचे कल्ले किती वेळा हलले ती संख्या, घातलेले खाद्य आणि माशाच्या वागण्यात दिसलेला फरक. आठवड्यातून एकदा, बाजारात मिळणाऱ्या परीक्षण-संचाने अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट मोजून आकडे नोंदवावेत. महिन्याभरात तापमान चढले की कल्ल्यांची गती कशी चढते, हे त्या वहीतूनच वाचता येईल. टाकी नवी असेल, तर अमोनिया प्रथम वाढतो, मग उतरतो, त्यामागून नायट्राइट वाढते व उतरते आणि शेवटी नायट्रेट दिसू लागते, हा क्रमही विद्यार्थी स्वतःच्या हातांनी आलेखावर काढू शकतील.

हा आलेख मात्र मासा आणण्यापूर्वी काढावयाचा आहे. टाकी भरावी, गाळणी चालू करावी, रोज चिमूटभर खाद्य रिकाम्या पाण्यात टाकावे म्हणजे ते कुजून सूक्ष्मजीवांना अन्न मिळेल. जुन्या निरोगी टाकीतील स्पंजाचा तुकडा मिळाल्यास काम लवकर होते. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आले म्हणजे टाकी तयार झाली. बहुतेक पाणी एकवार बदलावे आणि मगच बाजारात जावे. मासा आणल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, तीत थोडे थोडे टाकीचे पाणी मिसळावे आणि नंतर मासा आत घ्यावा. रात्री टाकीवरचा दिवा मालवावा. सोनमाशाला पापण्या नसतात. त्याला विश्रांतीसाठी अंधारच हवा.

जत्रेतून पिशवी हाती धरून निघालेल्या मुलाच्या हौसेत काहीच उणे नसते. फक्त क्रम उलटा झालेला असतो. आधी मासा येतो आणि पाण्याचा विचार मागून होतो. आधी पाणी आणि मग मासा, एवढा क्रम पाळला, तर तेच मूल शाळा सोडून महाविद्यालयात जाईल तेव्हाही त्याच्या टाकीत तोच मासा पोहत असण्याचा पुष्कळ संभव आहे.